कागदी प्लेटवरचा पहिला बाण

मी सात वर्षं धनुष्यबाणांच्या दुकानात नोकरी केली हे कळल्यावर इथली मराठी माणसं दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "म्हणजे रामासारखं धनुष्य?" आणि दुसरा, "पण वहिनी, तुम्ही तर व्हेजिटेरियन ना?" पहिल्याला मी म्हणते, "नाही, टोकांना चाकं असलेलं." दुसऱ्याला म्हणते, "हो." या उत्तरांनी कोणाचंच समाधान होत नाही. दुसरा प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा तंदुरी चिकनचा तुकडा असतो. ती कोंबडी त्याने मारलेली नसते, फक्त विकत घेतलेली असते, त्यामुळे हिंसेच्या बाबतीत त्याचं मन अतिशय हळवं असतं.

"तुमच्या त्या गमतीदार नोकरीबद्दल काहीतरी हलकंफुलकं लिहा," असं दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितल्याला आता दुसरी दिवाळी आली. उशीर माझाच आहे. दुकानाचा मालक वॉल्टर वारला, त्यानंतर या विषयावर लिहायला बसले की चार ओळींपुढे हात जात नसे. आता लिहिते आहे, पण हलकंफुलकं होईल याची हमी देत नाही.

अमरावतीला मी तत्त्वज्ञानात एम. ए. केलं आणि काही वर्षं एका कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं. कॅनडात आल्यावर लक्षात आलं, की इथे तर्कशास्त्राची टंचाई भरपूर आहे, मागणी मात्र अजिबात नाही. माझ्या नवऱ्याची, अविनाशची, नोकरी मार्कहॅमला, घर रिचमंड हिलला, आणि मी दिवसभर लायब्ररीत. एकदा गाडीला विंटर टायर बसवायला शहराच्या उत्तर टोकाला गेले होते. टायरवाल्याने तासभर लागेल म्हणून सांगितलं. बाहेर हाडं गोठवणारा वारा होता, म्हणून शेजारच्या दुकानात शिरले. आत एक उंच, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला म्हातारा धनुष्याच्या दोरीशी झटत होता.

"काय हवंय?" त्याने मान वर न करता विचारलं.

"काही नाही. टायर होईपर्यंत उभी आहे."

"मग रिकामी का उभी आहेस? हे धर."

मी धरलं. कॉलेजात असताना मी विद्यापीठाच्या संघातून बांबूचं धनुष्य चालवत असे, त्यामुळे कुठे धरायचं ते हाताला ठाऊक होतं. त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. पुढच्या सोमवारी मी तिथे कामाला लागले.

वॉल्टर अर्थातच इंग्रजीत बोलत असे. मी ते मराठीत लिहिते आहे, आणि मराठीत तो सगळ्यांना अरे-तुरे करतो. त्याला ते शोभतं. त्याने आयुष्यभर हायस्कूलमध्ये भूगोल शिकवला होता आणि निवृत्तीनंतर हे दुकान काढलं होतं, त्यामुळे गिऱ्हाईक म्हणजे त्याच्या दृष्टीने गृहपाठ न करता आलेला मुलगा. मला तो 'मिसेस डी' म्हणायचा. देशपांडे म्हणून पाहिलं होतं त्याने, दोन आठवडे.

माझं काम मागच्या टेबलावर. माणसाच्या हाताच्या लांबीप्रमाणे बाण कापायचे, त्यांना पिसं चिकटवायची (आता ती प्लॅस्टिकची असतात, पण मी पिसंच म्हणते), दोरीला गाठी बांधायच्या, नेम धरायच्या बारीक पिना जागेवर बसवायच्या. नाजूक काम आहे. त्यात बोलावं लागत नाही हे मला फार आवडायचं.

शिकारीबद्दल बाहेरच्यांसाठी थोडं सांगायला हवं. बंदुकीची गोळी धक्क्याने मारते, बाण कापून मारतो. शिकारीच्या बाणाच्या टोकाला वस्तऱ्यासारखी पाती असतात. ती पाती दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेली तर हरीण थोडं धावतं, अडखळतं आणि पडतं. तोच बाण चार बोटं मागे सरकला की पोटात जातो. मग तेच हरीण दिवसभर मरत राहतं, कधी त्याहूनही जास्त, आणि त्याला शोधणं कठीण, कारण पोटाच्या जखमेतून जमिनीवर रक्त फारसं पडत नाही. पुढच्या पायाच्या मागची जी योग्य जागा, ती साधारण वाढदिवसाच्या पार्टीतल्या कागदी प्लेटएवढी असते. आमच्या दुकानाचा सगळा धर्म त्या प्लेटवर उभा होता.

दुकानामागे एक लांबलचक शेड होती. तिच्या टोकाला गवताचे गठ्ठे आणि त्यांच्यावर टाचलेली एक पांढरी, कडेला चुण्या असलेली, बाजारातली सगळ्यात स्वस्त प्लेट. शिकारीची पाती विकत घ्यायला जो येईल, त्याने आल्या आल्या, हात मोकळे न करता, एक बाण मारायचा. एकच. जितक्या लांबून तो प्लेटला लागेल तितकं त्या माणसाचं अंतर. त्याहून लांबच्या हरणावर त्याने बाण सोडायचा नाही. लागला नाही, तर पाती मिळणार नाहीत. उद्या या, पुन्हा एकच. दुसरा बाण वॉल्टर बघतसुद्धा नसे, पाठ फिरवून गल्ल्याकडे चालू लागे.

"दुसऱ्याने काय पाप केलंय?" मी सुरुवातीला विचारलं होतं.

"तू पहाटेपासून मचाणावर थंडीत बसलेली आहेस. बोटं बधिर झालीयत. आणि हरीण येतं. ते काय म्हणतं, बाई, आधी दहा बाण मारून हात गरम कर, मी थांबतो?"

तर्कशास्त्राच्या माजी प्राध्यापिकेला यात चूक काढता आली नाही.

गिऱ्हाइकांना मात्र काढता येत असे. एक जण आला होता अंगभर पानांची चित्रं छापलेल्या कपड्यांत. टोपी पानांची, मोजे पानांचे, पैशांचं पाकीटसुद्धा पानांचं. दुकानात तो लांबूनही स्पष्ट दिसत होता. "सगळ्यात मोठं भोक पाडेल असं टोक द्या," म्हणाला.

"भोक कुठे पाडायचंय?" वॉल्टरने विचारलं.

"हरणाला."

"हरणाला कुठे?"

त्याने विचार केला. "कुठेही लागलं तरी चालावं, म्हणून तर मोठं मागतोय."

वॉल्टरने दार उघडून धरलं आणि त्याला पार्किंग दाखवलं.

दुसरा एक जण काउंटरवर मला बघून थबकला. "आत कोणी पुरुष आहे का?"

"आहे," वॉल्टर आतून ओरडला, "पण त्याला यातलं काही येत नाही!"

हे सगळे जण स्वतःला शिकारी म्हणवत. त्यांच्या गाड्यांवर शिंगांची स्टिकरं असत. त्यांच्या फोनवर लांबलांबच्या नेमांचे व्हिडिओ असत, आणि चुकलेल्या नेमाचा व्हिडिओ कोणाकडेही नसे. त्यांच्या बोलण्यात हरीण कधी जखमी होत नसे. ते एकतर पडे, नाहीतर 'चुकलं' असे. चुकलं म्हणजे काय, हे मी नंतर जंगलात बघितलं.

अपवाद होते, नाही असं नाही. डॅन नावाचा छपरं घालणारा एक माणूस तीन दिवस येऊन वीस यार्डांवरून प्लेट चुकला. चौथ्या दिवशी पंधरावर उभा राहिला आणि लागला. "बरं, मग पंधरा," म्हणाला आणि पाती घेऊन गेला. मोसम संपल्यावर आला तो हात हलवत. पण त्याने आम्हाला त्याच्या समोरून गेलेली हरणं सांगितली. हे पंचवीसवर होतं, हे अठरावर होतं पण तोंड माझ्याकडे होतं, हिच्यामागे पिल्लू होतं. न मारलेल्या हरणांचं इतकं रसाळ वर्णन मी पुन्हा ऐकलं नाही. वॉल्टरने त्या दिवशी स्वतःच्या हाताने कॉफी केली. ती घाणेरडी होती, पण हा त्याच्याकडचा सर्वोच्च सन्मान होता.

डॅनसारखे थोडे. बाकीचे हायवेलगत उघडलेल्या नव्या मोठ्या दुकानात जाऊ लागले. तिथे आत धबधबा होता, पेंढा भरलेलं अस्वल होतं, आणि पाती च्युइंगगमशेजारी टांगलेली असत. उचला आणि चालू लागा. आमच्याकडची गर्दी ओसरली. वॉल्टरला दिसत होतं, पण प्लेट काही भिंतीवरून उतरली नाही. तो सगळ्याच बाबतीत बरोबर होता असं मी म्हणणार नाही. खांदा निकामी झालेल्या एका माणसाने आडवं धनुष्य, ते बंदुकीसारखं धरायचं असतं ते, मागितलं, तर त्याला "आळश्यांचं खेळणं आम्ही ठेवत नाही" असं ऐकवलं होतं. तो माणूस निघून गेला. ते मला अजून खुपतं.

आता श्रीरंग. श्रीरंग इथल्या आमच्याच मराठी मंडळातला, पुण्याचा, मार्कहॅमला मोठ्या हुद्द्यावर, मंडळाचा सांस्कृतिक सचिव. मला वहिनी म्हणतो, वाकून नमस्कार करतो, अडल्यानडल्याला गाडी घेऊन हजर होतो. माणूस वाईट नाही. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढे वाटेल ते लिहायला मी मोकळी.

त्याला दर दोन वर्षांनी नवीन छंद लागत असे. मॅरेथॉन झाली, वाईन झाली, मग ऑफिसातल्या कोणाचं तरी ऐकून धनुष्य आलं. "ऑरगॅनिक मीट, वहिनी. नो हॉर्मोन्स. आणि इट्स सो एथिकल, यू नो? आपल्या अन्नाची रिस्पॉन्सिबिलिटी आपण घ्यायची." एथिकल हा शब्द त्या वर्षांत फार स्वस्त झाला होता. कॉफी एथिकल असे, चपला एथिकल असत. हरणाने तेवढं मागे का राहावं?

शिकारीच्या परवान्याची परीक्षा तो पैकीच्या पैकी मार्कांनी पास झाला. सगळ्यात महाग धनुष्य घेतलं. त्याचे बाण मीच कापले, पिना मीच बसवल्या. मग पाती घ्यायला तो शेडमध्ये चाळीस यार्डांवर उभा राहिला. पहिला बाण प्लेटच्या वरून गठ्ठ्यात गेला. पुढचे पाच प्लेटमध्ये, एकमेकांना खेटून.

"बघा, फाइव्ह आउट ऑफ सिक्स!"

"पहिला कुठे आहे?" वॉल्टरने विचारलं.

"तो वॉर्म-अप होता. कम ऑन, वॉल्टर, सरासरी बघा ना. स्टॅटिस्टिकली स्पीकिंग..."

"हरणाला तुझी सरासरी भेटत नाही. तुझा एक बाण भेटतो." वॉल्टरने वीस यार्डांच्या रेघेकडे बोट दाखवलं. "उद्या ये. तिथून मार."

"ट्वेंटी इज फॉर बिगिनर्स," श्रीरंग मला मराठीत म्हणाला. मराठीत म्हणजे, हळू आवाजात.

तो पुन्हा आला नाही. हायवेच्या दुकानातून पाती घेतल्याचं त्यानेच मला मंडळाच्या स्वयंपाकघरात सांगितलं, डोळा मारून. "म्हाताऱ्याला नका सांगू हं." मी सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? पाती विकणं गुन्हा नव्हता आणि घेणंही नव्हता.

त्याच सप्टेंबरात एक दिवस बाण पुसता पुसता वॉल्टर म्हणाला, "मिसेस डी, डॉक्टरांचं म्हणणं आहे की पुढच्या वर्षीची जाहिरात छापू नये." फुप्फुसांचा कॅन्सर होता. मी दिव्याखाली एक बाण फिरवत राहिले. तोच पुढे म्हणाला, "नोव्हेंबरात मला माझ्या मेपलवर एकदा बसायचंय. तेवढं झालं की पुरे."

एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात त्याचं ठरलेलं मेपलचं झाड होतं. वर्षानुवर्षं तो नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिथे मचाणावर बसायचा. वर्षाला एक हरीण, कधी तेही नाही. इथला कायदा असा, की परवान्याबरोबर माणसाला एक टॅग मिळतो. हरीण मारलं की जागच्या जागी त्याला तो बांधायचा. टॅग बांधला की त्या माणसाचं वर्ष संपलं. वॉल्टरला मिळणारा हा शेवटचा टॅग होता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम त्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होता, दुपारी. सकाळी मी अनारसे डब्यात भरत होते, तेवढ्यात फोन वाजला.

"वहिनी, लागला! बाण लागला! परफेक्ट शॉट!"

"हरीण कुठे आहे?"

"तेच तर. पळालं. मी उतरून मागे धावलो, पण झाडीत गेलं."

"धावलास? लगेच?"

"मग काय करायचं?"

"वरच बसून राहायचं, श्रीरंग. पैकीच्या पैकी होते ना तुला?"

जखमी हरणाच्या मागे कोणी लागलं नाही तर ते जवळच कुठेतरी आडोशाला आडवं होतं. मागे धावलं की ते अंगात असेल नसेल तेवढ्या बळाने पळतं, आणि मग ते मिळत नाही. हे पुस्तकात असतं, वर्गात शिकवतात, परीक्षेत विचारतात.

मी वॉल्टरला फोन केला. तो शिव्या देईल असं वाटलं होतं, पण त्याने फक्त पत्ता विचारला. आम्ही पोचलो तेव्हा श्रीरंग रानाच्या कडेला फोनवर साउंड सिस्टिमबद्दल बोलत उभा होता. अंगावर नवी कोरी पानं. त्याने बाण दाखवला. आरपार जाऊन पलीकडे पडला होता. वॉल्टरने तो नाकाशी नेला आणि माझ्याकडे दिला. पिसांवर हिरवट ओल होती आणि सडक्या गवतासारखा वास. पोट.

"किती लांबून?"

"फॉर्टी. मेबी फॉर्टी-फाइव्ह. पण चालत होतं ना ते, नाहीतर..."

वॉल्टर गाडीत जाऊन बसला, आम्हालाही बसवलं. "आता कोणी हलायचं नाही. त्याला आडवं होऊ द्या."

असं थांबणं हा या कामातला सगळ्यात जड भाग. आपण काही करत नाही आहोत असं वाटतं आणि खरं तर तेच करायचं असतं. श्रीरंगला ते जमेना. तो घड्याळ बघे, फोन बघे, मला दिवाळीच्या कार्यक्रमाचा क्रम सांगे. शेवटी म्हणाला, "वहिनी, मला निघायलाच हवं. मी कॉम्पिअर आहे, ऑडियन्स वाट बघणार. आणि खरं सांगू का, तुम्ही दोघं एक्स्पर्ट. मी असून काय फरक पडणार?"

यातलं इंग्रजी वॉल्टरला समजावून सांगायची गरज नव्हती. मराठीही कळली असावी त्याला. तो खिडकीबाहेर बघत राहिला. श्रीरंग गेला.

दुपारी आम्ही मागावर निघालो. वॉल्टर खांद्याला धनुष्य आणि हातात टॉयलेट पेपरचा रोल घेऊन, मी मागे. रक्ताचा थेंब दिसला की शेजारच्या फांदीला कागदाचा तुकडा अडकवायचा, म्हणजे मागे वळून पाहिलं की हरीण कुठल्या दिशेने गेलं ते ओळीने दिसतं. पावसात कागद विरघळून जातो, रान घाण होत नाही. थेंब अगदी थोडे होते. एका पानावर एक, मग बराच वेळ काही नाही. वॉल्टर दर थोड्या वेळाने झाडाला टेकून उभा राहायचा आणि श्वास परत मिळवायचा. मी "बसा" म्हणत नव्हते. म्हटलं असतं तर ऐकलं नसतं.

ओढ्याकाठी देवदारांची दाट झाडी आहे, तिथे ते होतं. जिवंत. पाय पोटाखाली घेऊन बसलेलं, मान उभी, कान आमच्याकडे. कोवळा नर होता, शिंगं बोटाएवढी. मध्ये फांद्यांची जाळी, बाण जायला वाट नाही. पुढे गेलो असतो तर ते उठून ओढा ओलांडून गेलं असतं.

वॉल्टर हळूहळू खाली बसला. कुजबुजला, "वाट मिळाली की मी सोडतो, कोणाची वाट बघणार नाही. पण तू त्याला घेऊन ये. त्याचं हरीण आहे. त्याला इथे असू दे."

हे पुढचं त्याने सांगितलं नाही, सांगायची गरज नव्हती. श्रीरंग रानात हजर असेल तर हरणाला श्रीरंगचा टॅग लागेल. नसेल, तर जो मारेल त्याचा.

श्रीरंगचा फोन बंद. मी गाडी हाणत मार्कहॅमला शाळेच्या हॉलवर गेले. दारात रांगोळी होती, तिच्या कडेने गेले. चिखलाचे बूट, जॅकेटच्या खिशातून बाहेर आलेला टॉयलेट पेपर. पैठण्यांमधून वाट मिळायला अजिबात वेळ लागला नाही. स्टेजवर श्रीरंग, मोतिया रंगाचा सिल्कचा कुर्ता, हातात माइक. दोन गाण्यांच्या मध्ये तो लोकांना सांगत होता, "...आणि मंडळी, आज सकाळीच, बिलीव्ह इट ऑर नॉट, तुमच्या या सेवकाने आपलं पहिलं हरीण मिळवलं!" हॉलने टाळ्या वाजवल्या. कोणीतरी शिट्टीही मारली.

गाणं सुरू झाल्यावर मी विंगेत गेले. "श्रीरंग, सापडलं. जिवंत आहे. चल."

त्याचा चेहरा खरंच उजळला. "सापडलं? वॉव! थँक यू, वहिनी!" मग त्याने माझ्या बुटांकडे पाहिलं. "पण आत्ता कसं येऊ? अजून अर्धा कार्यक्रम बाकी आहे. कॉन्सुलेटचे पाहुणे बसलेत समोर. मी उद्या सकाळी येतो ना, फर्स्ट थिंग. ते कुठे जाणारे आता?"

"ते मरतंय."

"हो ना, म्हणूनच म्हणतो, कुठे जाणारे?"

हे तो निर्दयपणाने म्हणाला नाही, हेच मला आजही पचत नाही. त्याने ते एखादी मीटिंग पुढे ढकलावी तसं, समजूतदारपणे म्हटलं. त्याच्या बायकोने, केतकीने, पडद्याआडून हे ऐकलं. ती म्हणाली, "अरे, जा ना तू. मी करते अनाउन्समेंट." तो म्हणाला, "तुला क्रम माहिती नाही." आणि स्टेजवर गेला.

मी परत रानात पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. वॉल्टर ओढ्याकाठी बसला होता, हरणाच्या शेजारी. ते मान वळवायला म्हणून किंचित हललं होतं आणि जाळीत एक वाट झाली होती. एकच बाण. हात गरम नव्हते. हरणाच्या शिंगाला टॅग बांधलेला होता.

"येतोय?" त्याने विचारलं.

"उद्या सकाळी."

वॉल्टर हसला. मी त्याला इतकं मोठ्याने हसताना कधी ऐकलं नव्हतं. हसता हसता खोकला लागला आणि तो बराच वेळ थांबला नाही.

"तुमचा टॅग होता," मी म्हटलं.

"हरणाला टॅग हवा होता. त्याच्यासाठीच असतो तो."

नोव्हेंबरात मी त्याला त्याच्या मेपलपाशी नेलं. "टॅग नाही, धनुष्य नाही, म्हणजे हे पक्षीनिरीक्षण झालं," असं तो वाटभर कुरकुरत होता. शिडी चढायला त्याला फार वेळ लागला. मी गाडीत वाचत बसले. खाली आला तेव्हा नाक लाल झालेलं आणि डोळे चमकत होते. "एक आला होता. थोराड. वीस यार्डांवर आडवा उभा राहिला, मिसेस डी, इतका वेळ, की मी एका वर्गाचे पेपर तपासले असते." परतताना त्याने गाडीत रेडिओ लावू दिला नाही.

मार्चमध्ये तो गेला. दुकानाच्या जागी आता नखं रंगवायचं पार्लर आहे. त्याच्या मुलीने मला विचारलं, काही हवंय का? मी ती बोटाएवढी शिंगं मागून घेतली. ती माझ्या पुस्तकांच्या कपाटात आहेत, टॅगसकट.

मागच्या दिवाळीला श्रीरंगच्या घरी फराळ होता. बेसमेंट नवीन केलंय, बार आहे, मोठा टीव्ही आहे, आणि भिंतीवर पेंढा भरलेलं हरणाचं डोकं आहे. शिंगं इतकी मोठी आणि फांद्याफांद्यांची, की खालून जाताना माणूस आपोआप वाकतो. श्रीरंग नव्या पाहुण्यांना सांगत होता. पहाट, धुकं, पंचेचाळीस यार्ड, परफेक्ट शॉट. केतकी ताटल्या मांडत होती. ती भिंतीकडे बघत नव्हती.

नागपूरहून नुकतेच आलेले एक गृहस्थ माझ्याकडे वळले. "श्रीरंग म्हणाले, तुम्हीपण होतात तेव्हा. बाप रे, केवढं होतं ना!"

मी बोट वर केलं. "एवढी शिंगं होती. आणि ते वॉल्टरचं हरीण होतं."

"वॉल्टर कोण?"

"मी ज्यांच्याकडे कामाला होते ते."

श्रीरंग हसला, सगळ्यांना सामावून घेणारं ते त्याचं हसू. "वहिनी म्हणजे ना, ऑलवेज सो सिरियस." लोकही हसले.

केतकीने मांडलेल्या ताटल्या कागदी होत्या. पांढऱ्या, कडेला चुण्या असलेल्या. मी एक उचलली आणि छातीशी उभी धरली. बेसमेंट चांगलं लांब आहे, बारपासून माझ्यापर्यंत सहज पंधरा यार्ड असेल. "श्रीरंग," मी म्हटलं, "पहिला बाण. आता किती यार्डांवरून लागतो?"

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला कळलं होतं, ते मला दिसलं. मग तो हातात झारा घेऊन चालत आला, माझ्या हातातली प्लेट हळूच आडवी केली आणि तिच्यावर भजी वाढली.

"घ्या वहिनी," तो म्हणाला, "गरम आहेत."